डावी सीट नवरीची

१

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आनंदरावांच्या शेडमध्ये नवरदेवाची लाल गाडी दगडांवर बसलेली सापडली. तिची चारही चाकं गायब होती.

ही २००३ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दोन दारांची, दोनच सीटची, छप्पर मागं दुमडणारी असली गाडी तेव्हा अख्ख्या वेल्ह्यात दुसरी नव्हती. आनंदराव खडी क्रशरचे मालक. पुण्याच्या कुणा बिल्डरकडून त्यांनी ती जुनी घेतली होती, मुलाच्या म्हणजे बंडूच्या हौसेखातर. भोंगवलीहून नवरी सोनियाला शेजारी बसवून बंडू वरातीत स्वतः गाडी चालवत येणार होता. मूळची चाकं त्याला बारीक वाटली, म्हणून वरवे बुद्रुकला हायवेवर अमजदच्या गॅरेजात जाऊन त्यानं रुंद अलॉय चाकं आणि तसेच रुंद टायर बसवून घेतले. मडगार्डाच्या बाहेर डोकावणारे ते टायर बघून गाव म्हणालं, गाडीला हत्तीरोग झाला. हौसेला मोल नसतं हे खरं, पण अक्कलही फारशी लागत नाही.

मी हाशिम आतार, भोरचा. विमा कंपनीसाठी मोडलेल्या आणि चोरीला गेलेल्या गाड्या पाहतो. म्हणजे लोकांचं खोटं शांतपणे ऐकून घेतो आणि त्यासाठीच मला पगार मिळतो. आनंदरावांचा फोन आला तेव्हा जोहरा, माझी बायको, म्हणाली की लग्नघरी निघालाय तर निदान शर्ट तरी इस्त्रीचा घाला. तिचं ऐकलं ते बरं झालं, कारण मांडवात पाऊल टाकताच चार जणांनी मला पाहुणा समजून पाणी दिलं.

आनंदरावांनी मात्र पाण्याआधी निकालच दिला.

"चोर सापडलाय. तुमी फक्त विम्याचं कागद करा."

चोर म्हणजे अमजद. सकाळी चाकं गेल्याचं घरच्यांनाच नुकतं कळत होतं, अजून कुणी कुणाला फोनसुद्धा केला नव्हता, आणि हा बाबा गाडीची जुनी बारीक चाकं टेम्पोत घालून दारात हजर. चोरी आधी कळल्याशिवाय असा कोण येतो, असा आनंदरावांचा सवाल होता. त्यांनी टेम्पोची किल्ली काढून घेतली आणि त्याला क्रशरच्या ऑफिसात बसवून ठेवलं. दिवेलागणीला नवरीकडची मंडळी यायची होती. त्याआधी चाकं निघाली नाहीत तर अमजदचं नाव पोलिसात जाणार होतं. एकदा कागदावर नाव चढलं, की हायवेवरच्या त्या गॅरेजात कुणी सायकलचं पंक्चरही काढायला गेलं नसतं.

मी म्हटलं, आधी गाडी बघू.

गाडी दगडांवर होती खरी, पण दगड आणि गाडी यांच्यामध्ये जेवणावळीचे लाकडी पाट घातलेले होते, रंगाला ओरखडा येऊ नये म्हणून. चाकांचे सगळे नट एका पितळी वाटीत घालून ती वाटी चालकाच्या पायाशी ठेवली होती. मी गाडीभोवती एक चक्कर मारली. चाकचोर गाडीला असं निजवून जात नाहीत. ते जॅक ओढतात आणि गाडी धाडकन आपटते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आणि ही चाकं नेऊन चोर करणार काय? त्यांची भोकं तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्याच गाडीला बसत नव्हती.

मग मी मागच्या मडगार्डाखाली हात घातला. डाव्या मडगार्डाच्या कडेला आतून काळं रबर चिकटलेलं होतं आणि तिथला रंग खरवडून पत्रा उघडा पडला होता. उजव्या बाजूला हात फिरवला. तिकडची कड जशीच्या तशी होती.

२

अमजद तिशीतला, कामाला चोख, बोलायला कंजूष. ऑफिसात खुर्ची असूनही तो जमिनीवर बसला होता. समोर ताट होतं. भाकरी, वांग्याची भाजी आणि पिठलं. लग्नघरात त्या दिवशी सगळ्यांना भात आणि बुंदी होती, म्हणून मी विचारलं की हे कुणी दिलं. कुणीतरी बाईनं पाठवलं म्हणाला. खाल्लं मात्र नव्हतं.

इतक्या सकाळी का आलास, या प्रश्नाला त्यानं आधी सरळ उत्तर दिलं नाही. जुनी चाकं परत करायची होती म्हणाला. मी म्हटलं, जुनी चाकं लग्नानंतर आठ दिवसांनी दिली असतीस तरी कुणी रडलं नसतं. खोटं बोलायचं तर जरा बरं बोल, मला रोज चांगली चांगली ऐकायची सवय आहे.

तेव्हा त्यानं मान खाली घातली.

"साहेब, माझ्या हातनं चूक झालीया. पर चोरी न्हाई."

मग हळूहळू त्यानं सांगितलं. रुंद चाक बसवलं की ते मडगार्डाच्या जवळ येतं. माणसं बसली, गाडी दबली, वळणावर कलली की टायर कडेला घासतो का, ते चालवून बघावं लागतं. दोन्ही सीटवर माणसं बसवून बघायची ही त्याची रीत. घासलं तर कड आत वळवायची, नाहीतर चाक बदलायचं. पण या गाडीच्या बाबतीत आनंदरावांचा हुकूम होता की डावी सीट नवरीची, तिच्या आधी तिथं कुणाचं बूड टेकता कामा नये. बंडू स्वतः गॅरेजात उभा राहून ते बघत होता. त्यामुळं अमजदनं एकट्यानंच गाडी फिरवली. घासली नाही. बंडू गाडी घेऊन एकटाच वेल्ह्याला गेला.

"रात्रभर डोळा लागला न्हाई," अमजद म्हणाला. "म्हनलं पोरीला घिऊन हा मार्गासनीच्या वळनांनी येनार, आन आपन डावी बाजू तपासलीच न्हाई. कायतरी निमित्त काढून जुनी चाकं चढवावी म्हनून आलो."

हे आनंदरावांना का नाही सांगितलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, मिस्त्रीनं आपल्या तोंडानं काम कच्चं केलं म्हणून सांगितल्यावर त्याच्याकडं कोण येणार? चोर म्हटलं तरी धंदा जातो आणि अडाणी म्हटलं तरी जातो.

मला त्याचा राग आला आणि दयाही आली. पण त्याच्या बोलण्यातून एक गोष्ट निघाली, जी त्याला ठाऊक नव्हती. चालकाची सीट उजवीकडं असते. गाडी एकट्या माणसानं चालवली तर वजन उजवीकडं पडतं, आणि तेवढ्या वजनानं ती घासली नव्हती. घासली होती ती डावीकडं.

म्हणजे नवरीच्या सीटवर नवरीच्या आधी कुणीतरी बसून आलं होतं.

३

सोनबा हा क्रशरच्या टिपरचा जुना ड्रायव्हर. आनंदरावांच्या घरातल्या प्रत्येक लग्नात नवरानवरीची जीप त्यानंच चालवलेली. वरातीच्या ड्रायव्हरला फेटा बांधतात, नारळ देतात, नवरीकडच्या बायका त्याला ओवाळतात. यंदा बंडू स्वतः गाडी हाकणार म्हटल्यावर सोनबाच्या डोक्यावरचा फेटा बांधायच्या आधीच उतरला होता. त्यात गाडी उचलायला वापरलेला जॅक त्याच्याच टिपरमधला. शेडच्या कोपऱ्यात तो टाकून दिलेला होता.

"जॅक माजा हाय, पर हात माजा न्हाई," सोनबा म्हणाला. हळदीच्या दिवशी तो भाजीपाला आणायला गेला होता, आला तेव्हा पंगत बसली होती आणि स्पीकर इतका मोठ्यानं लावला होता की शेजारी टिपर उलटला असता तरी कळलं नसतं. चाकं चोरायचीच असती तर गाडी पाटावर कशाला ठेवीन, तशीच आदळली असती, असंही त्यानं सांगून टाकलं. मला ते पटलं. माणूस रागावला की नासधूस करतो, पाट शोधत बसत नाही.

मी जाता जाता विचारलं, की टायर शेवटचे धड कुणी पाहिले. तो म्हणाला, सगळ्या गावानं. हळद सुरू व्हायच्या जरा आधी बंडूच्या चुलतीनं, सखूबाईनं, गाडीची पूजा केली. चारही चाकांना कुंकू लावलं, डाव्या सीटवर तांदळाची मूठ ठेवून तिच्यावर खणात गुंडाळलेला नारळ बसवला. पोरं टायरांवरून हात फिरवून बघत होती. तोवर तरी कुठं ओरखडा नव्हता.

म्हणजे टायर घासला तो हळद लागल्यावर.

बंडू मांडवाच्या आतल्या खोलीत पाटावर बसून होता. पंचविशीचा, अंगानं सडपातळ, अंगभर पिवळा, हातात लिंबू खोचलेली कट्यार. हळद लागलेल्या नवऱ्यानं ती सोडायची नाही आणि उंबऱ्याबाहेर एकट्यानं जायचं नाही, असा रिवाज. वारं लागतं, दृष्ट लागते, काय काय लागतं. माझ्याही लग्नात जोहराच्या माहेरच्यांनी असलंच काहीतरी सांगितलं होतं.

त्यानं माझ्याकडं न बघता सगळी उत्तरं दिली. गाडी वरव्याहून आणली, शेडमध्ये लावली, पुन्हा हात लावला नाही. डाव्या सीटवर कुणीही बसलं नाही. संध्याकाळपासून तो घरातच होता. मी विचारलं, अमजदनं चोरी केली असं तुला वाटतं का? यावर तो पहिल्यांदाच पटकन बोलला. बापाला तो दादा म्हणे.

"त्यानं न्हाई केली. त्याला सोडा म्हनावं दादान्ला. जुनी चाकं आल्यात न्हवं? ती लावा, म्हंजी झालं."

ज्याची इतक्या हौसेची चाकं गेली तो माणूस आधी चोराला शिव्या देतो. याला जुनी चाकं लावायची घाई झाली होती.

मी पुन्हा शेडमध्ये गेलो. या खेपेला चाकं सोडून दारं पाहिली. सगळ्या गाडीवर खडीची पांढरी धूळ होती, फक्त उजवं दार आणि स्टिअरिंग लख्ख पुसलेलं होतं. डावं दार पुसायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याच्या बाहेरच्या मुठीवर, आतल्या बाजूला, जिथं बोटं वळतात तिथं, तेलकट पिवळा डाग होता. सीटवरचा नारळ नुसत्या सीटच्या कापडावर ठेवलेला होता आणि तांदळाचे दाणे खाली पायाशी सांडले होते.

४

डाव्या दाराच्या बाहेरच्या मुठीवर हळद. म्हणजे हळदीच्या हातानं बाहेर उभं राहून ते दार कुणासाठी तरी उघडलं होतं. बरोबरीचा मित्र असता तर त्यानं स्वतःच उघडलं असतं. दार आपण उघडून देतो ते वडीलधाऱ्याला, किंवा ज्यानं जन्मात असल्या गाडीचं दार उघडलेलं नाही त्याला.

हळदीला अख्खी भावकी मांडवात होती. नव्हतं कोण, असं मी स्वयंपाकाच्या बायकांना विचारलं. सोनबा नव्हता. आणि आत्याबाई नव्हत्या, पण त्या नसतातच, असं एक जण म्हणाली आणि पुढं पुऱ्या लाटायला लागली.

आत्याबाई म्हणजे फुलाबाई, आनंदरावांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, तेव्हापासून माहेरीच. बंडूची आई बाळंतपणातच गेली, त्यामुळं त्याला न्हाऊ घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं हिनंच केलं. पण हळद लावायच्या वेळी पाच सवाशिणी पुढं आल्या आणि फुलाबाई मागच्या खोलीत गेली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. तशी वेळच ती येऊ देत नसे.

खोली शेडला लागूनच होती. एका खिडकीतून गाडीचं मागचं टोक दिसत होतं, दुसरीतून मांडव. शुभकार्याच्या दिवसांत त्या खोलीकडं कुणी फिरकत नव्हतं. फुलाबाई साठीतली, अंगानं भरदार, कपाळ मोकळं. तिनं मला गोधडी घातलेल्या उंचवट्यावर बसवलं. तसाच दुसरा एक उंचवटा शेजारी होता, त्यावर ती बसली. बसायला जरा टणक होतं, पण पाहुण्यानं तक्रार करायची नसते. खोलीत नव्या रबराचा वास येत होता. दिवसभर मडगार्डात हात घालत होतो, मला वाटलं माझ्याच हातांना येतोय.

तिनं काही पाहिलं नव्हतं, काही ऐकलं नव्हतं. डोळा लागला होता म्हणाली. मग तिनंच मला विचारलं.

"बाबा, त्या मिस्त्रीनं भाकर खाल्ली का?"

मी म्हटलं, नाही खाल्ली. तिनं डोळ्याला पदर लावला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मी उठताना आधाराला हात खाली टेकला. गोधडीखाली माझ्या बोटांना गार, गुळगुळीत धातू लागला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर कळशावरच बसलो होतो.

५

मी गोधडी उचलली नाही. खाली बसलो आणि म्हटलं, आत्याबाई, बंडूला बोलवा. रिवाजाप्रमाणं तो एकटा येऊ शकत नव्हता, पण मागच्या दारानं आला. काल संध्याकाळीही तो असाच गेला असणार.

मी त्याला माझा हिशेब सांगितला. टायर डावीकडं घासलाय, म्हणजे डावीकडं माणूस होता. पूजेच्या वेळी टायर धड होते, म्हणजे घासले ते हळदीनंतर. दाराच्या मुठीवर हळद आहे, आणि उजवी बाजू ज्यानं पुसली त्याला आपल्या हाताची खूण राहील ही भीती होती. पाट घातले, नट वाटीत ठेवले, कारण गाडी स्वतःची होती. आणि चाकं या खोलीत आली, कारण इथं कुणी येत नाही हे घरातल्यालाच ठाऊक. एकच टायर लपवला असता तर त्याच टायराचं काय झालं असं सगळ्यांनी विचारलं असतं, म्हणून चारही काढले.

बंडूनं कट्यार बाजूला ठेवली आणि आत्याच्या पायाशी बसला.

पाच जणींनी हळद लावली तेव्हा आत्या खिडकीच्या गजाआडून बघत होती, ते त्याला दिसलं होतं. पंगत बसल्यावर तो इकडं आला. तिच्या हातून हळद लावून घेतली. मग म्हणाला, आत्या, उद्यापरवा या गाडीत सगळे मिरवतील, तुला कुणी बसवणार नाही, चल. ती नको नको म्हणत होती. स्पीकर वाजत होता, कुणाला कळलं नाही. मार्गासनीकडच्या वळणांवर मागून खरखर आवाज यायला लागला आणि रबर जळल्याचा वास आला. परत येऊन बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर डावा मागचा टायर कापलेला.

"दादान्ला सांगितलं असतं तर पैल्यांदा ह्येच इचारलं असतं, कोन बसलं हुतं म्हनून," बंडू म्हणाला. "मंग सगळी म्हनली असती, पांढऱ्या कपाळाची बसली आन टायर फाटला. लगीन हुतंय तवर न्हाई, जलमभर म्हनली असती. म्हनलं चाकंच न्हाई म्हनल्यावर जुनी घालतील. अमजदभाईला धरतील ह्ये डोक्यातच आलं न्हाई."

विम्याचा दावा त्यानं केलेलाच नव्हता, तो बापानं केला होता. त्यामुळं कागदोपत्री माझं काम सोपं होतं. चाकं घरातच सापडली, दावा रद्द, असं लिहून मी भोरला जेवायला पोचलो असतो. पण चाकं कुठं सापडली हे आनंदरावांना सांगावंच लागणार होतं. सांगितलं तर फुलाबाईचं नाव निघणार. न सांगावं तर अमजद चोर ठरणार. बंडू माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

फुलाबाई उठली. पदर डोक्यावरून नीट घेतला.

"मीच सांगते," ती म्हणाली. "बोलनारी बोलतील. मला सवं हाय. त्या मिस्त्र्याला न्हाई."

६

शेडमध्ये भावकी जमली. सोनबानं आणि बंडूनं चारही चाकं आणून ओळीनं मांडली. अमजदला ऑफिसातून आणलं. फुलाबाईनं तीन वाक्यांत सगळं सांगितलं. रडली नाही, सफाई दिली नाही. ती बोलायची थांबली तेव्हा मागं सखूबाईनं "तरीच" एवढा एकच शब्द काढला.

मी सर्व्हेअर. लोकांच्या घरात नाक खुपसणं माझं काम नाही. पण त्या "तरीच"नं माझं डोकं फिरलं. मी डावं मागचं चाक उचलून आनंदरावांच्या पायाशी आडवं टाकलं आणि त्यांना म्हटलं, हात घाला. टायराच्या खांद्यावर, जिथं नक्षी संपते तिथं, गोल चीर गेली होती. त्यांची बोटं पेरापर्यंत आत गेली. आतले धागे तुटलेले होते.

"हे मार्गासनीपर्यंतच्या एका फेरीत झालं," मी म्हटलं. "आत्याबाईंच्या कपाळानं नाही, वजनानं. डावीकडं जो कुणी बसला असता त्याच्याही वजनानं हेच झालं असतं. अमजदला हे आधीच कळलं असतं, पण त्याला तिथं माणूस बसवून बघायला तुम्ही बंदी केली होती. उद्या त्या सीटवर कोण बसणार होतं?"

उत्तर अवघड नव्हतं. भोंगवलीपासून हायवेनं, नवाकोरा नवरा ऐटीत जोरात गाडी हाणणार, मागं वरातीच्या जीपा, आणि नदीकाठच्या वळणावर टायर फुटला असता. आनंदराव त्या चिरेत बोटं घालून तसेच उकिडवे बसून राहिले.

मग ते उठले आणि खिशातून टेम्पोची किल्ली काढून त्यांनी अमजदच्या हातात दिली. माफी मागितली नाही. त्या माणसाला ती शिकवलेलीच नव्हती. एवढंच म्हणाले, की जुनी चाकं बसवून दे बाबा, आणि या खेपेला नीट बघून दे. अमजदनं जॅक लावला. जुनी बारीक चाकं चढली, गाडी पाटांवरून खाली उतरली. आता तिच्यात मिरवण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं, पण ती रस्त्यावर धावण्यासारखी झाली होती.

अमजदनं किल्ली लावली आणि तो थांबला. माझ्याकडं पाहिलं, मग आनंदरावांकडं.

"मालक, आज डावीकडं मानूस बसवल्याबिगर गाडी देनार न्हाई म्या," तो म्हणाला. "काल ज्या बसल्या हुत्या त्यास्नीच बसवा. त्याच वजनाला घासलं हुतं, त्याच वजनानं बघाया पायजे."

बंडू पुढं व्हायला निघाला, पण मी त्याचा दंड धरला. हे काम त्याचं नव्हतं, त्यानं त्याच्या वाट्याचं केलं होतं. फुलाबाई भिंतीला टेकून उभी होती आणि मान हलवून नको म्हणत होती. मांडवातल्या बायका हातातलं काम टाकून शेडच्या दाराशी आल्या होत्या. सखूबाईही होती.

आनंदरावांनी सीटवरचा नारळ उचलला आणि काखेत धरला. खण झटकून घडी घातली. मग ते बहिणीपाशी गेले, तिला कोपराला धरून सगळ्यांच्या मधून गाडीपाशी आणलं, आणि वाकून त्यांनी डावं दार उघडलं.

"बस अक्का," ते म्हणाले. "सावकाश, डोकं संबाळ."